धूळ, सात सेकंद

निपाणीत, जर्द्याच्या जुन्या वखारीवर माझी खोली.
भिंतींना अजून तंबाखूचा वास.
संगणकाचा पंखा तोच वास आत ओढतो,
तोच बाहेर टाकतो.

तवनाप्पा मगदूमचा सिनेमा, एक तास बावन्न मिनिटं.
मूळ फाइल सहाशे जीबी,
हॉलवाल्याला हवी आठच्या आत.
म्हणजे पंचाहत्तरातलं एक ठेवायचं.
कुठलं, ते कुणीतरी ठरवायचं.

इराण्णा कब्बूर चिकोडीहून विकतचा कोडेक घेऊन आला.
म्हणजे परवाना, आणि अंगठ्याएवढी काळी किल्ली,
यूएसबीत खुपसल्याशिवाय दार उघडत नाही.
वर्षाचे चौतीस हजार.
"चाळीस मिनिटांत खल्लास, अक्का," म्हणाला,
आणि खरंच, चहा पिऊन
त्याच्या पोरीच्या दहावीचं बोलून होतंय तोवर
झालं की.

माझा फुकटचा.
फुकटचा म्हणू नको, मीच त्याला म्हणते, खुला म्हण.
कोण कोण कुठं कुठं बसून लिहिलेला,
त्यात एकानं टिपण ठेवलंय:
हे का चालतं माहीत नाही, हात लावू नका.
त्या माणसावर माझा विश्वास बसला.

सगळ्यात संथ सेटिंग. एकोणीस तास.
चौदाव्या तासाला वीज गेली.
यूपीएस सात मिनिटं ओरडला, मग तोही थकला.
परत पहिल्या चौकटीपासून.

रीत दोघांचीही तीच:
पहिलं चित्र पुरतं ठेवायचं,
पुढच्यात फक्त हललं तेवढं लिहायचं.
भिंत हलत नाही, भिंत परत लिहायची नाही.
निलव्वाचा हात हलतो, तर तेवढा हात.
पण त्या सात सेकंदांत
कौलातून उन्हाचा पट्टा, खाली निलव्वा जर्दा पाखडते,
आणि हवेत ती तपकिरी भुकटी,
तिचा कण न् कण हलतो.
कुठल्याच कोडेकला हे परवडत नाही.

विकतच्यानं धूळ पुसली.
ऊन गुळगुळीत, निलव्वाचा गाल लग्नाच्या अल्बमातला.
खुल्यातही एक बटण आहे:
खरी धूळ काढून घ्यायची, तिचा हिशेब लिहून ठेवायचा,
बघताना तेवढीच खोटी पसरायची.
हुशारी आहे. मी ते बंद केलं.
फाइल साडेअकरा जीबी झाली.

"अक्का, अकरा कोण घेणार?"
"बघू की."
हॉलच्या पेटीनं माझी फाइल ओळखलीच नाही.
काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात एक चौकोन.
तवनाप्पा माझ्याकडे बघेना.
इराण्णानं न बोलता खिशातून पेनड्राइव्ह काढला.

तर विकतचीच लागली.
मागे बिडीवाल्या बायका, खुर्चीवरही मांडी घालून,
निम्म्या मराठीला हसत होत्या, निम्म्या कन्नडला,
काही दोन्हींना, जरा उशिरा.

ते सात सेकंद आले.
निलव्वानं पदरानं नाक झाकलं, सवयीनं,
मग पदर खाली घेतला.
"धूळ यल्ली होतु?"
शेजारीण म्हणाली, काय गं?
"धूळ. धूळ कुठं गेली?"
तेवढा एक शब्द तिला बदलावा लागला नाही.

इराण्णानं ऐकलं.
"बिटरेट वाढवता आला असता," म्हणाला. "थोडा."

आता रात्रीचा दीड.
त्यानं दुकानातली इन्व्हर्टरची बॅटरी आणलीय,
दोघांनी जिन्यावरून वर चढवली, माझं बोट चेमटलं.
त्या पेटीला कळेल अशा जुन्या फॉरमॅटात,
पण खुल्याच एन्कोडरनं, नव्यानं चालू आहे.
चौदा जीबी होईल. होऊ दे.

निलव्वाचा निरोप आलाय:
तिच्यापुरते सात सेकंद मोबाइलवर द्या,
गोव्यातल्या पोराला पाठवायचेत,
आई कशानं खोकते ते कळू दे त्याला.

कापून ठेवलेत. कण न् कण आहे.
पाठवताना फोन ते परत धुणार,
हे तिला कुठल्या भाषेत सांगू?